शेरा

धर्मप्रांताचं दफ्तर तळघरात आहे,
वाफेच्या नळांखाली.
ओटिलिया बेन्को अकरा वर्षं तिथे बसते,
अंगात स्वेटर, जुलैतसुद्धा.

या आठवड्यात तीन चर्चं बंद झाली.
त्यांची पुस्तकं केळ्यांच्या खोक्यांतून आली:
बाप्तिस्मे, लग्नं, दफनं.
खोक्यांवर निळं लेबल, इक्वेडोर.

पानाला सात रकाने.
नाव, तारीख, आई, बाप, साक्षीदार, धर्मगुरूची सही,
आणि अगदी कडेला, बोटभर रुंदीचा,
शेरा.

पहिलं पुस्तक जर्मनांचं.
शहर तेव्हा म्हणजे सरोवराकाठी दोन गोद्या,
एक भट्टी आणि घोटाभर चिखल.
पहिला बिशप बोटीतून उतरला
त्या दिवशीच्या बाप्तिस्म्यापुढे कुणीतरी लिहून ठेवलंय:
बूट रुतला. डावा. सापडला नाही.

मग आयरिश आले, मग स्लोव्हाक.
आयरिश फादरला स्लोव्हाक कळेना.
भट्टीवरच्या माणसांनी पगारातून विटा घेतल्या,
एकेक, मोजून,
का, तर पाप तरी आपल्या भाषेत सांगता यावं.

एकोणीसशे अठराचा ऑक्टोबर.
एकोणीस दिवसांत एकसष्ट दफनं.
फादर ऑरेल डोंबाय यांचं अक्षर आधी मोत्यासारखं,
चाळिसाव्या नावापासून उजवीकडे कलतं,
पंचावन्नाव्यापाशी ओळ सोडतं.
बासष्टावं नाव दुसऱ्याच हातातलं:
ऑरेल डोंबाय, वय चौतीस.
शेरा: खणायला माणूस नाही.

पुढे भरभराट.
वर्षाला तीनशे बाळं, पुस्तकाची पाठ फुटेपर्यंत.
मग हायवे आला आणि वस्तीच्या मधून गेला.
मग पोर्तो रिकोची माणसं आली.
वर इंग्रजी मिस्सा, खाली तळघरात स्पॅनिश.
देव दोन्हीकडे असणार,
पण पंखे वरच होते.

आता हे हिरव्या पुठ्ठ्याचं.
हे बाप्तिस्म्याचं नाही, बदल्यांचं.
फादर... ती नाव वाचत नाही, तिला पाठ आहे.
चौऱ्याहत्तर. प्रकृतीच्या कारणास्तव बदली.
सत्त्याहत्तर. प्रकृतीच्या कारणास्तव बदली.
एक्क्याऐंशी. प्रकृतीच्या कारणास्तव.
इतका आजारी माणूस
एक्क्याण्णव वर्षं जगला.

दोन बिशप तोंडात मूग धरून बसले.
तिसऱ्यानं माफी मागितली, टायपाची, सहीचा शिक्का मारून.
मग वकील आले, कपाटाच्या किल्ल्या गेल्या,
दिवाळं जाहीर झालं,
सेंट उर्सुलामध्ये आता बिअर गाळतात.
पितळी टाक्या वेदीच्या जागी. छान चकाकतात, म्हणे.

शहात्तर सालच्या वेदीसेवकांच्या यादीत
चौथं नाव एमिल बेन्को.
वय दहा.
रविवारी त्याचा झगा ओटिलिया इस्त्री करायची,
स्टुलावर उभी राहून. तिला वाटायचं
आपल्यालाही झगा मिळायला हवा होता.
एमिल आता टक्सनला असतो.
नाताळात फोन करतो, हवामान सांगतो.

शेऱ्याचा रकाना कोरा.

नियम असा की दफ्तरदारानं जुन्या पानावर काही लिहायचं नाही.
हा नियम तिनंच टाइप करून भिंतीला लावलाय.

फोन वाजतो. ओहायोच्या पलीकडून कुणी बाई,
आजीच्या जन्माची नोंद हवीय, आडनावाचं स्पेलिंग नक्की नाही.
ओटिलिया म्हणते, इथे कुणाचंच नक्की नसतं, सांगा.
शोधते. सापडतं. ह चं ग झालंय.

परत येते तर वरच्या खोक्यात
बंद झालेल्या चर्चचं शेवटचं पुस्तक,
शेवटची नोंद गेल्या पाम रविवारची:
सु मेह. आईबाप बर्माच्या डोंगरांतले,
कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
शेऱ्यात फादरनं लिहिलंय: पाणी फार गार होतं.

पेन्सिलला टोक आहे.
ती हिरवं पुस्तक उघडते, शहात्तर,
बराच वेळ तशीच.
वर कुणीतरी खुर्ची सरकवतं.

पेन्सिल आतच राहू देऊन ती पुस्तक मिटते.
ते नीट मिटत नाही.